डावा मोजा

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला, ऐन चौकात, गळतीसाहेबांच्या गाडीच्या क्लचचं पेडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही. सिग्नल हिरवा झाला, पिवळा झाला, लाल झाला आणि पुन्हा हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे हॉर्न वाजवले. गळतीसाहेबांनी बुटाचं टोक अडकवून पेडल वर ओढलं, दाबलं, पुन्हा ओढलं, पुन्हा दाबलं. असं सात-आठ वेळा झाल्यावर गाडी एकदाची गिअरमध्ये पडली. मागच्या टेम्पोवाल्याला हे सगळं कसं दिसलं असेल कोण जाणे, पण पुढे जाताना त्याने मान बाहेर काढून अगदी आपुलकीने विचारलं, "काका, काही पडलंय का खाली?"

गाडी जुनी होती, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी जुनी होती. गळतीसाहेबांकडे ती येऊन तीनच आठवडे झाले होते आणि त्यांच्या दृष्टीने ती कोरी करकरीत होती. तिला ते रोज स्वतः पुसत. तिच्या दाराचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून एकदा उगीचच दार उघडून लावत. अशा गाडीने चारचौघांत असा पाय मागे घ्यावा, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

तिथून ते पहिल्या गिअरमध्ये घरंगळत गॅरेजला पोचले. मेकॅनिक गंभीर चेहऱ्याचा माणूस होता. त्याने बॉनेट उघडलं, तेलाची एक छोटी डबी उघडून आत बोट घातलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"आजच. अगदी अचानक."

"अचानक काही होत नसतं साहेब. हे बघा, डबी निम्मी रिकामी. क्लच या तेलाच्या दाबावर चालतो. तेल कुठून तरी गळतंय."

गळतंय! आता हा शब्द दुसऱ्या कुणाला उद्देशून म्हटला असता तर गोष्ट वेगळी. पण गळतीसाहेब पाणीपुरवठा खात्यात 'गळती व तक्रार' या टेबलावर बावीस वर्षं होते. शहरात कुठेही नळ ठिबको, पाइप फुटो की भिंतीला ओल येवो, कागद त्यांच्याच टेबलावर यायचा. ऑफिसात, सोसायटीत आणि रागाच्या भरात घरीसुद्धा त्यांना याच नावाने ओळखत. त्यांनीही हे नाव एखाद्या पदवीसारखं अंगाला लावून घेतलं होतं. त्या माणसाच्या स्वतःच्या गाडीत गळती, आणि ती दुसऱ्याने दाखवायची?

"बघतो मी," ते ताठ होऊन म्हणाले. "तुम्ही फक्त तेल भरा. गळती शोधणं माझ्यावर सोडा."

मेकॅनिकने खांदे उडवले आणि तेल भरलं.

घाई होती ती रविवारची. रविवारी आईला मावशीकडे न्यायचं ठरलं होतं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती चाळीस किलोमीटरवर, टेकडीवरच्या गावात राहायची. आईचे गुडघे गेल्यापासून तिला बसची पायरी चढता येत नव्हती आणि मावशी तर घराबाहेरही पडत नव्हती. फोन करावा तर मावशीला ऐकू येत नसे. ती फोन कानाला लावायची, "कोण? बरं बरं. ठेवते," म्हणायची आणि ठेवून द्यायची. या कारणांनी दोघी बहिणी सहा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. गाडी ऑफिसला जायला घेतली असं गळतीसाहेब लोकांना सांगत, पण खरं कारण हे होतं, आणि ते आईला माहीत होतं. मावशीच्या शेजारच्या मुलीला फोन करून निरोप पाठवला होता. आईने त्याच दिवशी मावशीसाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले होते. एक झाला होता, दुसरा टाचेपर्यंत आला होता.

त्या संध्याकाळी गॅलरीत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना आई म्हणाली, "बाळ, तुझा डावा मोजा तेलकट होतोय रे. शनिवारीही होता. उजवा मात्र चांगला असतो."

बाळ त्रेपन्न वर्षांचे होते आणि विचारात गढलेले होते. "ऑफिसच्या जिन्यात फरशीला काहीतरी चोपडतात, आई."

"एकाच पायाला?"

"डावा पाय आधी टाकतो मी."

झालं, तक्रार निकालात निघाली. त्यात गळतीसाहेबांचा हातखंडा होता. खात्याचा नियम असा, की मीटरच्या अलीकडची गळती खात्याची आणि पलीकडची ग्राहकाची. बावीस वर्षांच्या अनुभवाने गळतीसाहेबांना जगातल्या बहुतेक सगळ्या गळत्या मीटरच्या पलीकडे दिसू लागल्या होत्या. 'हद्दीबाहेर' हा शब्द ते इतक्या वेगाने लिहीत, की तो आता नुसत्या एका वळणदार रेघेसारखा दिसे.

मंगळवारी त्यांनी शास्त्रशुद्ध पाहणीला हात घातला. फ्रिजचं जुनं खोकं उलगडून रात्रभर गाडीखाली अंथरलं होतं. सकाळी बघतात तर कोरडं ठणठणीत. संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर त्यांनी ते पुन्हा अंथरलं, आणि दहाच मिनिटांत त्यावर तळहाताएवढी ओल! गळतीसाहेबांना आनंदाने घाम फुटला. ते ऑफिसच्या कपड्यांनिशी गाडीखाली आडवे झाले. त्यांनी ओलीला बोट लावलं, वास घेतला. वास नव्हता.

समोरच्या ब्लॉकमधले प्राध्यापक खाली वाकून बघत होते. त्यांचा विषय इतिहास होता, पण त्यामुळे त्यांचं कशात अडत नसे. "वास नाही ना? मग तेलच. उत्तम तेलाला वास नसतो. तुम्ही चव घेऊन बघा."

गळतीसाहेबांनी बोट जिभेपर्यंत नेलंही होतं, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी तिथे आले. सेक्रेटरींना पार्किंगच्या फरशीचा फार अभिमान होता, कारण ती त्यांच्या कारकिर्दीत बसवली होती. तिच्यावर ओल बघून त्यांचा जीव खालीवर झाला. गाडीखाली पडलेल्या दोन पायांकडे त्यांनी एकदा पाहिलं, ते घरी गेले आणि सरळ तक्रार लिहायला बसले.

ती तक्रार बुधवारी सकाळी गळतीसाहेबांच्याच टेबलावर आली. 'आमच्या सोसायटीच्या पार्किंग क्रमांक सातमध्ये जमिनीखालील पाइप फुटला असून ओल येत आहे. तेथे वाहन लावणारे गृहस्थ रोज आडवे पडून पाहतात, पण उपयोग होत नाही.' गळतीसाहेबांनी पत्ता दोनदा वाचला. मग सवयीने त्यांचा हात 'हद्दीबाहेर' लिहायला गेला आणि मध्येच थांबला. पार्किंगमधला पाइप मीटरच्या अलीकडे होता. स्वतःच केलेल्या नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस तासांत जागेवर जाऊन पाहणी करणं भाग होतं, आणि स्वतःच्या जागेची पाहणी स्वतः करायला मनाई होती. तो नियमही त्यांनीच केला होता. शेवटी वरच्या साहेबांनी हुकूम काढला, की पाहणी कानसेन करतील.

कानसेन हे खात्यातले सर्वांत जुने फिटर. जमिनीवर लोखंडी कांब टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि खाली कुठे पाणी झिरपतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी पार्किंगमध्ये चार ठिकाणी कांब टेकवली, डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मग गळतीसाहेबांना वाईट वाटू नये म्हणून की काय, गाडीच्या बॉनेटवरही कांब टेकवून ऐकलं.

"पाइप ठणठणीत आहे साहेब. हे तुमच्या एसीचं पाणी. गाडी चालवून आली की टपकतं."

"मग तेल?"

"तेलाचं मला कळत नाही. पण आपल्या धंद्यात ओल दिसते तिथे कधी फुटलेलं नसतं. दाब जिथून सुरू होतो तिथून बघत बघत यायचं."

"बरोबर," गळतीसाहेब म्हणाले. चेहरा असा, जणू हे कानसेनांना कधीकाळी त्यांनीच शिकवलं होतं. मग त्यांनी अहवालावर सही केली आणि ते वाक्य साफ विसरून गेले. संध्याकाळी आई पुन्हा म्हणाली, "आजही डावा मोजा—" तर त्यांनी नुसताच हात वर केला. तो हात बघून खात्यात भलेभले अर्जदार परत जात.

गुरुवारी मेकॅनिकने निर्वाळा दिला. "दोन सिलिंडर असतात साहेब. एक वर पेडलपाशी, एक खाली गिअरपाशी. दहापैकी नऊ वेळा खालचाच जातो. धूळ, चिखल, सगळं त्याच्याच नशिबी. खालचा नवा टाकू, तुम्ही घेऊन या."

घेऊन या म्हणायला काय जातंय! दुकानदार म्हणाला, तुमच्या गाडीत दोन प्रकारचे सिलिंडर आले, नोंदणीचं पुस्तक दाखवा म्हणजे सांगतो. पुस्तक नोंदणी कचेरीत नाव बदलायला गेलेलं. कचेरीतल्या खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, पुस्तक इथेच आहे, पण ते ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच देता येईल. गळतीसाहेब म्हणाले, त्यांनी तर गाडी विकली. बाई म्हणाल्या, मग त्यांना पुस्तक कशाला हवं? गळतीसाहेब म्हणाले, त्यांना नकोच आहे, मला हवंय. बाई म्हणाल्या, पण तुमच्या नावावर कुठे आहे? असं तीन वेळा झाल्यावर बाईंनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "हे आमच्या हद्दीत येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य गळतीसाहेबांनी खिडकीच्या बाहेरच्या बाजूने ऐकलं. ते इतकं वाईट ऐकू येत असेल याची त्यांना कल्पना नव्हती. शेवटी रांगेतल्या एका माणसाने सांगितलं, की गाडीचा नंबर बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेला असतो. गळतीसाहेबांनी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तो उमटलेला नंबर दुकानदाराला नेऊन दिला आणि सिलिंडर आणला. संध्याकाळपर्यंत तो बसलासुद्धा. पेडल असं टणक झालं, की गळतीसाहेबांनी सोसायटीला मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या आणि बायकोला गॅलरीत बोलावून हात केला.

शुक्रवारी संध्याकाळी, सोसायटीच्या फाटकाजवळच्या चढावर, पेडल पुन्हा खाली गेलं. या वेळी डबी पूर्ण रिकामी होती. सेक्रेटरी, प्राध्यापक आणि वॉचमन यांनी गाडी ढकलत सात नंबरला आणून लावली. ढकलताना प्राध्यापक मोठमोठ्याने एका लढाईतल्या तोफेची हकिकत सांगत होते.

गळतीसाहेब घरात शिरले ते सोफ्यावर कोसळलेच. बायकोने पाणी दिलं. आई घड्या घालत होती. "बाळ, रागावू नकोस, पण हा डावा मोजा—"

"आई!" गळतीसाहेब इतक्या जोरात ओरडले, की बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "माझं सगळं डोकं क्लचमध्ये अडकलंय, आणि तू मोजा काय घेऊन बसलीस!"

आईने तो मोजा एका पिशवीत टाकला. जरा वेळाने ती हळूच म्हणाली, "नाही जमलं तर राहू दे रे. पण ताईला कळवायचं कसं? शेजारची ती मुलगी आज परगावी गेली. ताई सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसेल."

गळतीसाहेबांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांना धड जेवणही गेलं नाही.

शनिवारी सकाळी मेकॅनिक स्वतः सोसायटीत आला, कारण गाडी जागची हलत नव्हती. तो बॉनेट उघडतोय तोच सेक्रेटरी नियमांची वही घेऊन हजर. "आवारात वाहनदुरुस्तीस सक्त मनाई आहे."

"ही दुरुस्ती नाही," प्राध्यापक म्हणाले, "ही पाहणी आहे. पाहणीला मनाई कुठे आहे?"

सेक्रेटरींनी वही चाळली. पाहणीबद्दल काही नव्हतं. त्यांनी 'सात नंबरला पाहणी चालू' अशी नोंद केली आणि उत्सुकता आवरेना म्हणून स्वतःही बॉनेटमध्ये डोकं घातलं. अशी चार डोकी आत वाकलेली. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर घरघरतोय, फाटकाबाहेर पाण्याचा टँकर मागे मागे येतोय. इतक्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आईचा आवाज आला.

"अहो, डावा मोजा! ऐकलंत का? डावा मोजा!"

मेकॅनिकने डोकं बाहेर काढलं. "आजी काय म्हणतायत?"

"डावा मोजा म्हणतायत," सेक्रेटरी म्हणाले.

"डावा काय?"

"टायर!" प्राध्यापकांनी चुटकी वाजवली. "वरून त्यांना स्पष्ट दिसत असणार. गाडी डावीकडे झुकली आहे. मोजा, डावा टायर मोजा!"

सेक्रेटरींच्या खिशात टेप असायचाच. कुणाची गाडी रेघेबाहेर किती आली आहे ते मोजायला. चौघांनी मिळून डावी बाजू जमिनीपासून मोजली, मग उजवी मोजली. डावी बाजू दोन बोटं खाली! एकच गलका झाला. मेकॅनिक म्हणाला, स्प्रिंग बसली असेल. प्राध्यापक म्हणाले, गाडी कलली की तेल डावीकडे जाणार, हे उघड आहे. गळतीसाहेबांच्या अंगात नवा जोम संचारला, गॅलरीकडे बघून ते ओरडले, "मोजला, आई! दोन बोटं कमी आहे!"

आईने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, तो नव्हे! डावा मोजा! पायातला!"

"पाया?" सेक्रेटरी दचकले. "इमारतीच्या पायाला काय झालं?"

खात्री करायला चौघांनी गाडी ढकलत बाहेर नेली, वळवली आणि तोंड उलटं करून तिथेच लावली. पुन्हा मोजलं. आता उजवी बाजू दोन बोटं खाली.

"गाडी सरळ आहे," मेकॅनिक म्हणाला. "तुमची फरशी वाकडी आहे."

सेक्रेटरींचा चेहरा पडला तो पडलाच. गेली सात वर्षं ते लोकांना ही फरशी दाखवत आले होते. त्यांनी टेप गुंडाळला, पुन्हा उलगडला, पुन्हा गुंडाळला. प्राध्यापक त्यांचं सांत्वन करू लागले, की मोठमोठे राजवाडेसुद्धा कलतात. या सगळ्यात जिन्यावर काठीचा आवाज येतोय हे आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आई खाली येत होती. आठ महिन्यांत ती जिना उतरली नव्हती. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला, काखेत पिशवी. एक पायरी उतरायची, दोन्ही पाय जुळवायचे, मग पुढची. मागून सून, "अहो आई, थांबा, मी सांगते त्यांना," म्हणत येत होती, पण आई आता कुणाला सांगू देण्याच्या मनःस्थितीत नव्हती. गळतीसाहेब धावले तर तिने काठीनेच त्यांना बाजूला केलं. ती सरळ गाडीपाशी गेली आणि बॉनेटवर पिशवी उपडी केली.

सहा मोजे पडले. सगळे राखाडी, सगळे डावे, आणि सगळ्यांवर पंजाच्या वरच्या बाजूला एक काळपट डाग.

"सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा," आई एकेकावर काठी ठेवत म्हणाली. "गुरुवारचा. कालचा. आणि हा त्याच्याही आधीच्या शनिवारचा, तेव्हा तर तुझा क्लच चांगला होता. साबणाने जात नाही, गरम पाण्याने जात नाही. चाळीस वर्षं मी या घरातले मोजे बघतेय. फरशीचा डाग तळव्याला लागतो रे, वरून नाही लागत. हे वरून पडलंय. तुझ्या डाव्या पायावर वर काय असतं?"

मेकॅनिकने कालचा मोजा उचलला आणि नाकाला लावला. लावला तो अशा भक्तिभावाने, की सेक्रेटरींनी मान फिरवली. त्याने एक दीर्घ श्वास घेतला.

"क्लचचं तेल!"

पुढच्या क्षणी तो ड्रायव्हरच्या सीटवर पालथा होता. डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर. आतून आवाज आला, "बॅटरी!" गळतीसाहेबांनी बॅटरी पेटवून दिली. "चटई काढा!" चटई निघाली. तिच्याखालचा गालिचा मेकॅनिकने मुठीत धरून पिळला तर तेलाची धार लागली. वरचा सिलिंडर पेडलच्या दांड्यावरून थेंब थेंब गळत होता. पहिला थेंब साहेबांच्या बुटाच्या फटीत जायचा आणि बाकीचे सगळे गालिच्यात. म्हणून जमिनीवर कधी टिपूसही पडला नाही. गाडी आपलं तेल आपणच पीत बसली होती.

"मिळालं!" मेकॅनिक ओरडला, आणि उठताना त्याचं डोकं स्टिअरिंगवर आपटून हॉर्न वाजला. त्या हॉर्नने सगळ्या गॅलऱ्यांमध्ये माणसं आली.

दाब जिथून सुरू होतो तिथून बघत यायचं. गळतीसाहेबांना आता आठवलं. खात्यातल्या कानसेनांनी सांगितलं होतं आणि घरातल्या कानसेनबाई तर आठवडाभर सांगत होत्या. ते आईजवळ गेले. "आई, चुकलं माझं. तू पहिल्या दिवसापासून सांगत होतीस."

"तू ऐकत नव्हतास," आई म्हणाली. "आता ते राहू दे. उद्याच्या आत होईल का, विचार त्याला."

"वरच्या सिलिंडरचं रबर गेलंय," मेकॅनिक म्हणाला. "रबर आणलं तर आजच होईल. सिलिंडर काढून बसवायचा, म्हणजे—" त्याने सेक्रेटरींकडे बघितलं.

"ही मात्र दुरुस्ती झाली," सेक्रेटरी म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता.

"मला आता जिना चढवणार नाही," आई म्हणाली. "गाडी होईपर्यंत मी इथेच बसेन. चालेल ना? की मला उचलून वर नेण्याची सोसायटीत सोय आहे?"

सेक्रेटरींनी आईकडे पाहिलं, वाकड्या फरशीकडे पाहिलं, मग घरी जाऊन त्यांनी स्वतःची वेताची खुर्ची आणून आईला बसायला दिली. वहीत त्यांनी लिहिलं, 'सात नंबरला पाहणी अद्याप चालू.'

मग जी दुपार झाली तशी त्या पार्किंगने कधी पाहिली नव्हती. गळतीसाहेब नंबराचा कागद घेऊन धावत गेले आणि दुकान बंद होता होता रबर घेऊन आले. मेकॅनिकने सिलिंडर काढला, फुटलेलं रबर सगळ्यांना फिरवून दाखवलं, नवं बसवलं. शेवटी नळीतली हवा काढायची वेळ आली. त्यासाठी एकाने पेडल दाबून धरायचं, मेकॅनिकने गाडीखाली नट ढिला करायचा, हवा बुडबुड करत बाहेर पडली की नट आवळायचा आणि मगच पेडल सोडायचं. पेडलवर प्राध्यापक बसले, डबीत तेल ओतायला गळतीसाहेब आणि अंधाऱ्या जागी बॅटरी धरायला सेक्रेटरी, पोटावर पालथे, आपल्या लाडक्या फरशीवर.

प्राध्यापक पहिल्या दोन वेळा बोलण्याच्या नादात पेडल भलत्या वेळी सोडून बसले आणि सगळी हवा परत आत गेली. तेव्हा आईने सूत्रं हातात घेतली. खुर्चीत बसून दुसऱ्या मोज्याची टाच विणता विणता, मेकॅनिकची खूण बघून ती हुकूम देऊ लागली. "दाबा... धरा... अहो, धरा म्हटलं ना! हां, आता सोडा." गॅलऱ्यांमधून लोक सुरात म्हणू लागले, "दाबाऽ, धराऽ, सोडाऽ!" पंधरा-वीस वेळा असं झाल्यावर नळीतून नुसतंच तेल आलं, बुडबुडा नाही. प्राध्यापकांनी पेडल दाबलं आणि ते झटकन, दिमाखात वर आलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की वॉचमन काय झालं ते बघायला फाटक सोडून आला. आईने शेवटचा टाका घातला आणि लोकर दाताने तोडली.

तिला वर न्यायला मग तीन माणसं लागली, आणि त्यांतले एक सेक्रेटरी होते.

रविवारी टेकडीचा चढ गाडीने असा चढला, की प्रत्येक गिअरला गळतीसाहेब "वा!" म्हणत होते. बायको मागे आणि आई पुढे बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. शेवटच्या वळणावर तिने एकदाच विचारलं, "कोरडा आहे ना?" आणि गळतीसाहेबांनी खाली न बघताच सांगितलं, "अगदी कोरडा."

मावशी दारातच होती. खुर्चीवर, रस्त्याकडे तोंड करून. गाडीचा आवाज तिला आला नाही. गाडी थेट समोर येऊन उभी राहिली तेव्हा ती उठायला लागली. बायकोने आईला धरून उतरवलं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या आणि किती तरी वेळ नुसत्याच बघत राहिल्या. सहा वर्षांचं साठलेलं एकदम कुठून सुरू करणार? मग तिने घाईघाईने पिशवीत हात घातला, लोकरीचा मोजा बाहेर काढला, मावशीच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळी ताकद लावून ओरडली, "ताई, मोजा! मोजा!"

"अगं, ओरडतेस कशाला?" मावशी म्हणाली. "मोजलीत की मी. सहा वर्षं, चार महिने आणि अकरा दिवस."

आईचा हात मोज्यासकट तसाच वर राहिला. तिला दुरुस्त करावं असं कुणालाच वाटलं नाही.

गळतीसाहेब वळून गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं आणि उगाचच आत वाकून उभे राहिले. बायको मागोमाग आली. "काय झालं? परत गळतंय का?"

"नाही," गळतीसाहेब डोकं वर न काढता म्हणाले. "क्लच अगदी कोरडा आहे."